पंक्तिभेदातला पुरस्कार : हॅटी मॅकडॅनियल

१/ २९ फेब्रुवारी १९४०. लॉस एंजेलिसच्या अ‍ॅम्बॅसेडर हॉटेलातील 'कोकोनट ग्रोव्ह' या दालनात बाराव्या ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा रंगला होता. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटाचे निर्माते आणि कलावंत एका मोठ्या टेबलाभोवती बसले होते. त्याच चित्रपटातील एक अभिनेत्री मात्र त्या टेबलाशी नव्हती. दालनाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीलगतच्या एका छोट्या टेबलाशी तिची सोय केलेली होती. काही वेळाने साहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्कारासाठी जे नाव पुकारले गेले, ते तिचेच होते.

२/ ती हॅटी मॅकडॅनियल. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय कलावंत. त्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने खास शब्द टाकला, म्हणून तिला आत येता आले. पुरस्कार तिचा, सभागृहातील टाळ्याही तिच्याच. पंगत मात्र वेगळी. हा पंक्तिभेद तिच्या आयुष्यात त्या रात्री नव्याने आला नव्हता आणि त्या रात्रीने तो संपलाही नाही. तो समजून घ्यायचा तर तिच्या जन्माच्याही आधी जावे लागते.

३/ हॅटीचे वडील हेन्री मॅकडॅनियल हे व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्मले. कोवळ्या वयात त्यांची विक्री झाली आणि ते टेनेसीत आले. अमेरिकन यादवी युद्ध पेटल्यावर ते उत्तरेकडील संघराज्याच्या सैन्यात दाखल झाले. त्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक होते आणि त्यांतील बहुसंख्य कालपरवापर्यंत कोणाची तरी मालमत्ता म्हणून मोजले जात होते. युद्धाने हेन्री यांना स्वातंत्र्य दिले. त्याचबरोबर जन्मभर पुरणाऱ्या शारीरिक व्यथाही दिल्या.

४/ महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. पुण्यात बसून ज्या मुक्तीचा गौरव झाला, तिच्यासाठी रणांगणावर उतरलेल्यांपैकी हेन्री एक होते. पण मुक्तीनंतरचे जगणे सोपे नव्हते. सैनिकाचे निवृत्तिवेतन मिळावे म्हणून त्यांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. प्रकृती खालावत गेली, अंगमेहनतीची कामे झेपेनाशी झाली, आणि हाती पडली ती अगदी तुटपुंजी रक्कम.

५/ हॅटीचा जन्म १० जून १८९३ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा येथे झाला. तेरा भावंडांत ती सर्वांत धाकटी. आई सुझन चर्चमध्ये भक्तिगीते गात असे आणि लोकांच्या घरी धुणीभांडीही करत असे. पुढे कुटुंब कोलोरॅडो राज्यात गेले. आधी फोर्ट कॉलिन्स, मग डेन्व्हर. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत अनिश्चित. तरीही या घरात एका गोष्टीची वाण कधी पडली नाही, ती म्हणजे गाणे.

६/ डेन्व्हरमधील शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकत. दक्षिणेकडील राज्यांत हे अकल्पनीय होते. हॅटीच्या वर्गात मात्र कृष्णवर्णीय मुले अगदी मोजकी होती. पाठांतर, गायन आणि नकला यांत ती इतकी तरबेज झाली की शाळेच्या कार्यक्रमांत तिचे नाव ठरलेलेच असे. घरी काम करताना ती अखंड गात असे. रंगमंचावर उभे राहण्यासाठी लागणारा धीटपणा तिला या वर्गांनी दिला.

७/ १९१० साली दारूबंदीसाठी झटणाऱ्या एका महिला संघटनेने वक्तृत्व-पठणाची स्पर्धा घेतली. हॅटीने 'कन्व्हिक्ट जो' ही कविता म्हटली. व्यसनापायी आयुष्याची धूळधाण करून घेतलेल्या कैद्याची ती कहाणी. सतरा वर्षांच्या या मुलीने सुवर्णपदक पटकावले. श्रोत्यांना हसवणे तिला जमत होतेच; त्यांचे डोळे ओले करण्याची ताकदही आपल्यात आहे, हे तिला त्या दिवशी कळले असावे. त्यानंतर शाळा फार दिवस टिकली नाही. तिने भावंडांच्या फिरत्या खेळांत पाऊल टाकले.

८/ हे खेळ 'मिन्स्ट्रेल शो' या नावाने ओळखले जात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतला हा अत्यंत लोकप्रिय करमणुकीचा प्रकार. जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासून गोरे नट कृष्णवर्णीयांची टिंगल करत. आळशी, खुळा, सदा दात काढणारा गुलाम हे त्यातले ठरावीक पात्र. पुढे कृष्णवर्णीय कलावंतांनीही स्वतःची मंडळी काढली. रंगभूमीवर पोट भरण्याचा तेवढाच मार्ग त्यांना खुला होता. आपल्याच विटंबनेचा साचा वापरायचा, आणि त्यातच जमेल तेवढे आपले म्हणणे मांडायचे, अशी ती कसरत होती.

९/ वडिलांनी मुलांना घेऊन असा एक खेळ उभारला होता. त्यातला हॅटीचा थोरला भाऊ ओटिस हा गाणी रचणारा आणि विनोदी कामे करणारा हुशार कलावंत. १९१४ मध्ये हॅटी आणि तिची बहीण एटा यांनी केवळ स्त्रियांची मंडळी काढली. डेन्व्हरच्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांपुढे हॅटी जी पात्रे उभी करी, त्यांत 'मॅमी'ही होती. मॅमी म्हणजे मालकाच्या घरावर जीव ओवाळून टाकणारी धष्टपुष्ट दाई. हॅटी तिचे इतके अतिरंजित सोंग काढी की हसू दाईवर न राहता त्या कल्पनेवरच उलटे.

१०/ हे दिवस फार टिकले नाहीत. १९११ मध्ये तिचे लग्न हॉवर्ड हिकमन यांच्याशी झाले होते. १९१५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी ओटिस गेला आणि कुटुंबाच्या खेळांचा कणाच मोडला. वयाच्या तेविसाव्या वर्षी हॅटी विधवा होती आणि मंडळी विस्कटली होती. कार्यक्रम मिळेल तेव्हा रंगमंच, नाही तेव्हा दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक, झाडलोट आणि कपडे धुणे. पुढे तिने पडद्यावर जी मोलकरीण पुन्हा पुन्हा उभी केली, तिचे हात, तिची पाठ आणि तिचा थकवा तिला परका नव्हता.

११/ १९२० नंतर तिला आधार मिळाला तो डेन्व्हरचे कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक जॉर्ज मॉरिसन यांच्या वाद्यवृंदाचा. या वृंदाबरोबर ती गावोगावी गायली. याच काळात डेन्व्हरच्या 'केओए' या आकाशवाणी केंद्रावरून तिचा आवाज प्रसारित झाला. अमेरिकेत रेडिओवर गाणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत तिची गणना होते. रेडिओवर चेहरा दिसत नसे, फक्त आवाज पोहोचत असे. तिच्यासारख्या कलावंतासाठी ही लहान सवलत नव्हती.

१२/ १९२६ ते १९२९ या काळात हॅटीने शिकागोत 'ओके' आणि 'पॅरामाउंट' या कंपन्यांसाठी ब्लूज गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका केल्या. यांतली काही गाणी तिने स्वतः लिहिलेली होती. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्यामुळे ब्लूज गायिकांना त्या दशकात मोठी मागणी होती. हॅटीला त्यांच्याइतकी कीर्ती लाभली नाही आणि मुद्रित केलेल्या कित्येक गाण्यांच्या तबकड्या बाजारात आल्याच नाहीत. तरी ती आता गायिका, गीतकार आणि विनोदी नटी अशा तिन्ही अंगांनी तयार झाली होती.

१३/ १९२९ च्या शरद ऋतूत शेअर बाजार कोसळला. हॅटी तेव्हा 'शो बोट' या संगीत नाटकाच्या दौऱ्यावर होती. दौरा बंद पडला, कलावंतांची पांगापांग झाली. ती विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथे आली. तिथल्या 'क्लब माद्रिद' या रात्रीच्या क्लबात तिला काम मिळाले, पण ते गाण्याचे नव्हते. बायकांच्या प्रसाधनगृहात उभे राहून येणाऱ्यांच्या हाती टॉवेल देण्याचे ते काम होते. पंधरा वर्षांचा रंगभूमीचा अनुभव गाठीशी असलेली कलावंत आता बक्षिशीच्या नाण्यांवर जगत होती.

१४/ त्या क्लबाच्या मंचावर गोरेच कलावंत कार्यक्रम करत. पण प्रसाधनगृहातून ऐकू येणारे गुणगुणणे गिऱ्हाइकांच्या कानावर पडत होते. एका रात्री मंचावर कोणी नसताना मालकाने तिला गाण्याची परवानगी दिली, असे सांगितले जाते. तिने ब्लूज गायले आणि क्लब डोक्यावर घेतला गेला. त्यानंतर तिला पुन्हा टॉवेल हाती धरावा लागला नाही. सुमारे दीड-दोन वर्षे ती तिथली ठरलेली गायिका होती. एक दार उघडायला प्रतिभा पुरेशी नव्हती. मंच रिकामा असावा लागला.

१५/ १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. भाऊ सॅम आणि बहीण एटा तिथे आधीपासून छोटीमोठी कामे करत होते. सॅमच्या खटपटीने तिला 'केएनएक्स' केंद्रावरील एका कार्यक्रमात जागा मिळाली. 'हाय-हॅट हॅटी' नावाची, स्वतःची पायरी सतत विसरणारी तोंडाळ मोलकरीण तिने उभी केली आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली. कार्यक्रम लोकप्रिय, पण मानधन इतके अपुरे की खऱ्या आयुष्यात तिला मोलकरणीचे काम सोडता येईना. रेडिओवर मोलकरीण आणि रेडिओबाहेरही मोलकरीण!

१६/ तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीयांना जागा कोणती होती? १९१५ च्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'मध्ये कृष्णवर्णीयांच्या प्रमुख भूमिका गोऱ्या नटांनी काजळी फासून केल्या होत्या. तिसाव्या दशकात खरे कृष्णवर्णीय पडद्यावर दिसू लागले, ते नोकर, हमाल, स्वयंपाकीण किंवा गुलाम म्हणून. गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवण्यास चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेचीच बंदी होती. कृष्णवर्णीय पात्र बरोबरीने वागले तर दक्षिणेतील चित्रपटगृहे तो भाग कापून टाकत. निर्मात्यांना त्या बाजारपेठेची भीती वाटत असे.

१७/ हॅटीचा पडद्यावरील प्रवेश १९३२ च्या 'द गोल्डन वेस्ट'मध्ये झाला, अर्थात मोलकरीण म्हणून. १९३३ मध्ये 'आय अ‍ॅम नो एंजल'मध्ये ती मे वेस्टच्या दिमतीला दिसली. अशा कितीतरी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचे नावही नव्हते. १९३४ च्या जॉन फोर्ड दिग्दर्शित 'जज प्रीस्ट'ने चित्र पालटले. त्यात विल रॉजर्ससारख्या लोकप्रिय नटाबरोबर तिला गाण्याची संधी मिळाली. १९३५ मध्ये 'द लिटल कर्नल'मध्ये शर्ली टेंपल आणि नर्तक बिल रॉबिन्सन यांच्यासह ती झळकली.

१८/ त्याच वर्षीच्या 'अ‍ॅलिस अ‍ॅडम्स'मधील तिचा प्रसंग पाहण्यासारखा आहे. ऐपत नसताना श्रीमंतीचा आव आणणारे एक कुटुंब मुलीच्या श्रीमंत मित्राला जेवायला बोलावते आणि त्या एका रात्रीपुरती मोलकरीण भाड्याने आणते. ती मोलकरीण म्हणजे हॅटी. उकाड्याची रात्र, वाफाळते सूप, डोक्यावरून सारखी घसरणारी टोपी आणि च्युइंगम चघळणारे निर्विकार तोंड. ती उलट एक शब्द बोलत नाही. पण तिच्या प्रत्येक हालचालीतून यजमानांच्या खोट्या बडेजावाचा एकेक पापुद्रा सुटत जातो.

१९/ हेच तिचे खरे कौशल्य होते. संवाद गोऱ्यांनी लिहिलेले, वेश त्यांनीच ठरवलेला, बोलीही त्यांनीच लादलेली. डेन्व्हरच्या शाळेत पठणाचे पदक मिळवलेल्या हॅटीला पडद्यावर मोडकेतोडके 'गुलामी' इंग्रजी बोलावे लागे. या चौकटीत तिच्या स्वाधीन उरत असे ती नजर, आवाजाची फेक आणि एक क्षणाचा विराम. मालकिणीकडे पाहताना तिच्या भुवया जे सांगत, ते पटकथेत नसे. १९३६ च्या 'शो बोट'मध्ये महान गायक पॉल रोबसन यांच्या जोडीने तिने क्वीनीची भूमिका केली, तीही याच ताकदीने.

२०/ कृष्णवर्णीय समाजात तिच्याविषयी दोन मते पडू लागली. एका बाजूला आपली एक कलावंत मोठ्या पडद्यावर चमकते याचा अभिमान. दुसऱ्या बाजूला हा सल, की प्रत्येक आनंदी मोलकरणीबरोबर 'हे लोक सेवेतच सुखी असतात' हा समज पक्का होत जातो. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन तिची भूमिका करणे बरे, अशा अर्थाचे तिचे उत्तर प्रसिद्ध आहे. हे उत्तर हजरजबाबी आहे खरे. पण सात डॉलरचे जिणे प्रत्यक्ष जगलेल्या बाईचे ते उत्तर आहे.

२१/ १९३६ साली मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड' ही कादंबरी आली आणि तिने खपाचे विक्रम मोडले. सेल्झनिक यांनी चित्रपटाचे हक्क घेतले. त्यातील मॅमीच्या भूमिकेसाठी चुरस लागली. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या घरच्या मोलकरणीची शिफारस केली होती, एवढे सांगितले म्हणजे त्या भूमिकेभोवतीच्या कुतूहलाची कल्पना येते. हॅटी चाचणीला गेली ती मोलकरणीचा अस्सल पोशाख अंगावर चढवूनच. भूमिका तिला मिळाली.

२२/ कादंबरी दक्षिणेतील गुलामगिरीचे दिवस सोनेरी करून दाखवणारी होती. कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि 'एनएएसीपी' या नागरी हक्क संघटनेने चित्रपटाविषयी आधीच चिंता व्यक्त केली. संघटनेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांनी सेल्झनिक यांच्याशी पत्रव्यवहार केला. या दबावामुळे कृष्णवर्णीयांना हिणवणारा सर्वांत जहरी शब्द संहितेतून काढला गेला आणि कू क्लक्स क्लॅनचा उघड उल्लेखही वगळला. कथेचा गाभा मात्र तसाच राहिला. गुलाम दाईच्या मुलखातल्या त्या गोड आठवणींना चेहरा द्यायचा होता एका माजी गुलामाच्या मुलीने.

२३/ हॅटीने त्या मॅमीला काय दिले? हुकूम पाळणारी ही दाई घरावर अधिकार गाजवते. स्कार्लेटचे खोटे तिला कळते आणि ते ती तोंडावर सांगते. चित्रपटाच्या अखेरीस, घरातील लहान मुलीच्या मृत्यूनंतर, मॅमी मेलनीला घेऊन जिना चढते आणि पायरीपायरीवर त्या घरात काय घडले ते सांगत जाते. आवाज दाटलेला, पण हंबरडा कुठेच नाही. 'कन्व्हिक्ट जो' म्हणणाऱ्या मुलीच्या तीस वर्षांच्या तपश्चर्येचे फळ त्या जिन्यावर दिसते.

२४/ १५ डिसेंबर १९३९ रोजी जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथे चित्रपटाचा पहिला खेळ झाला. तिथल्या कायद्याने चित्रपटगृहे वर्णभेदाने विभागलेली होती. हॅटीसह सर्व कृष्णवर्णीय कलावंतांना दूर ठेवण्यात आले. क्लार्क गेबल याने संतापून बहिष्काराची भाषा केली. हॅटीनेच त्याची समजूत घातली, असे सांगतात. याच सोहळ्यानिमित्तच्या, गोऱ्यांसाठीच असलेल्या मेजवानीत गुलामांच्या पोशाखात एका चर्चचे कृष्णवर्णीय गायकवृंद गायले. त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

२५/ आणि मग ती फेब्रुवारीची रात्र. हॅटीच्या केसांत शुभ्र गार्डेनियाची फुले होती. स्पर्धेत तिच्याच चित्रपटातील ऑलिव्हिया डी हॅविलंडही होती. फे बेंटर यांनी विजेतीचे नाव जाहीर केले आणि हॅटी त्या दूरच्या टेबलापासून मंचापर्यंत चालत आली. आपल्या वंशाला आणि चित्रपटसृष्टीला भूषण ठरावे अशी इच्छा तिने व्यक्त केली आणि दाटल्या कंठाने भाषण आटोपले. साहाय्यक कलावंतांना तेव्हा पुतळी मिळत नसे. एक छोटा फलक मिळे. तो घेऊन ती आपल्या टेबलाशी परतली.

२६/ पुरस्कारानंतर भूमिकांचे दार उघडेल ही अपेक्षा फोल ठरली. तिला पुन्हा मोलकरणीच मिळाल्या. १९४२ च्या 'इन धिस अवर लाइफ'मध्ये खोट्या आरोपात अडकलेल्या, वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणाच्या आईची भूमिका हा दुर्मीळ अपवाद. त्याच सुमारास व्हाइट यांनी हॉलिवूडला प्रतिष्ठित भूमिका देण्याची मागणी लावून धरली. मागणी न्याय्यच होती. पण त्यात हॅटीसारख्यांच्या आयुष्यभराच्या कामावर बोट ठेवले जात होते. भूमिका लिहिणारे सुटत होते आणि त्या करणारी आरोपी ठरत होती, ही तिची व्यथा.

२७/ रेडिओवर 'ब्यूला' नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण फार लोकप्रिय होती. तिचा आवाज आधी काढत असे मार्लिन हर्ट हा गोरा पुरुष! १९४७ मध्ये ही भूमिका हॅटीकडे आली आणि स्वतःच्या रेडिओ मालिकेची नायिका असलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. मोडकी बोली बोलणार नाही, ही अट तिने मान्य करून घेतली. मानधन होते आठवड्याला एक हजार डॉलर. मोलकरीण तीच होती. पण तिची जीभ आता तिच्या मालकीची झाली होती.

२८/ तिचा सर्वांत मोठा विजय पडद्यावरचा नव्हताच. लॉस एंजेलिसच्या 'शुगर हिल' वस्तीत तिने घर घेतले होते. कृष्णवर्णीयांना घरे विकू नयेत असे करार तिथल्या मालमत्तांवर होते. त्यांच्या आधारे काही गोऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. एथेल वॉटर्स, लुईझ बीव्हर्स आणि इतर रहिवाशांसह हॅटी न्यायालयात उभी राहिली. वकील होते लॉरेन मिलर. डिसेंबर १९४५ मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेऊन दावा फेटाळला. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे करार देशभर निष्प्रभ केले.

२९/ २६ ऑक्टोबर १९५२ रोजी स्तनाच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. वय ५९. हॉलिवूडच्या दफनभूमीत विसावण्याची तिची इच्छा होती. तिथे कृष्णवर्णीयांना जागा नव्हती. अखेर रोझडेल येथे तिचे दफन झाले. ऑस्करचा फलक तिने मृत्युपत्रात हॉवर्ड विद्यापीठाला दिला होता. १९६०-७० च्या सुमारास तो तिथून नाहीसा झाला आणि आजवर सापडलेला नाही. ज्या दफनभूमीने तिला नाकारले होते, तिथे १९९९ मध्ये तिचे स्मारक उभे राहिले.

३०/ कृष्णवर्णीय कलावंताला पुढचा स्पर्धात्मक अभिनय पुरस्कार मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. तो सिडनी पॉइटिए यांना मिळाला. दुसऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला, व्हूपी गोल्डबर्ग यांना, तर थेट १९९१ मध्ये. २०१० मध्ये मोनीक यांनी पुरस्कार घेताना केसांत गार्डेनियाची फुले माळली होती आणि हॅटीने सोसले म्हणून आपल्याला सोसावे लागले नाही, असे कृतज्ञतेने सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अकादमीने हरवलेल्या फलकाची नवी प्रत हॉवर्ड विद्यापीठाला दिली. फलक परत करता आला. त्या रात्रीच्या पंगतीतली जागा मात्र कोणालाच परत करता येणार नाही.